चूक पकडली, पण मूळ कारणच हरवलं: पायथनमध्ये एक्सेप्शनचा तपशील कसा जपता?

दूधकट्टा:
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं बिलाचं काम गेली तीन वर्षं माझ्या एका पायथन स्क्रिप्टवर चालतंय. संकलनाचं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळची एक सीएसव्ही फाईल काढून देतं: सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). सकाळ-संध्याकाळ धरून दहा दिवसांच्या वीस फाईली होतात. स्क्रिप्ट त्या वाचते, दरपत्रक लावते आणि बिल काढते.

परवा सचिवांच्या पीसीवर खिडकी उघडली: "फॅटचा आकडा चुकीचा आहे. ओळ २०४ नंतर." सतरा तारखेची संध्याकाळची फाईल. २०५ वी ओळ बघितली. म्हशीचं दूध, फॅट ६.८, एसएनएफ ९.१. काही चूक नाही. पुढच्या-मागच्या वीस ओळी डोळ्यांत तेल घालून तपासल्या, सगळे आकडे नीट. आणि तीच फाईल घरी माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर एका दमात चालते!

कोड असा आहे (उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, समजून घ्या). फाईल उघडण्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं एका 'ट्राय'मध्ये, म्हणजे त्यात चूक (एक्सेप्शन) झाली तर खालच्या 'एक्सेप्ट'नं पकडावी म्हणून. खाली 'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर', आणि त्यात 'रेझ बिलचूक("फॅटचा आकडा चुकीचा आहे...")', म्हणजे माझी स्वतःची नवी चूक फेकायची. सगळ्यात वर आणखी एक 'एक्सेप्ट एक्सेप्शन ॲज ई', तो फक्त 'स्ट्र(ई)', म्हणजे चुकीचा नुसता मजकूर, खिडकीत दाखवतो.

दोन दिवस झाले, तीनशेच्या वर सभासदांचं बिल अडकलंय. त्यातल्या कितीतरी जणांच्या पेंडीचा, डॉक्टरचा हिशेब त्याच पैशावर असतो. प्रश्न दोन. ही चूक शोधू कशी? आणि पुढं असं होऊ नये म्हणून एक्सेप्शन पकडताना तुम्ही काय पाळता?

तांबडा_पांढरा:
भावा, आधी पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोडच्या कुठल्या ओळीतनं आली त्याची यादी) टाक की हितं. खिडकीतल्या एका ओळीवरनं कुणाला काय कळणार?

दूधकट्टा:
तोच तर नाही माझ्याकडं. खिडकी बंद केली की सगळं गेलं.

रंकाळ्याकाठी:
ट्रेसबॅक गेला नव्हता, तुम्ही तो बघितला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायथन ३ मध्ये एक एक्सेप्शन हाताळताना दुसरं फेकलं की पहिलं आपोआप नव्याच्या 'कॉन्टेक्स्ट'मध्ये अडकवलं जातं. त्यासाठी काहीच लिहावं लागत नाही. 'रेझ नवीन फ्रॉम ई' असं लिहिलंत तर ते 'कॉज'मध्येही जातं. म्हणजे "हे त्याच्यामुळं झालं" असं तुम्ही स्वतः सांगता. ही सोय २००८ साली आलेल्या ३.० पासून आहे. तुमची 'बिलचूक' वर पोचली तेव्हा मूळ चूक तिच्या पोटात होतीच. शेवटच्या पायरीवर 'स्ट्र(ई)' करून तुम्ही पाकिटावरचा पत्ता वाचला आणि पत्र न उघडता टाकून दिलंत.

शिवाय 'स्ट्र(ई)' फार थोडं सांगतो. कीएरर असेल तर नुसतं त्या चावीचं नाव येतं, काय बिघडलं ते नाही. रिकामा असर्शनएरर असेल तर खिडकीही रिकामीच.

आता एवढंच करा. सगळ्यात वरच्या 'एक्सेप्ट'मध्ये 'लॉगर.एक्सेप्शन("बिल निघालं नाही")' लिहा. ते ट्रेसबॅक आणि आतली सगळी साखळी फाईलमध्ये उतरवतं. मग सचिवांच्याच पीसीवर चालवा, तुमच्या लॅपटॉपवर नको.

पन्हाळगडी:
लॉगच्या फाईलला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची तो नियम) यूटीएफ-८ द्यायला विसरू नका! विंडोजवर ते दिलं नाही तर मराठी संदेश लिहितानाच लॉगिंग अडखळतं. ती तक्रार जाते एसटीडीएररवर, म्हणजे प्रोग्रामच्या चुका छापायच्या वाटेवर, आणि प्रोग्राम काळी खिडकी न उघडता चालत असेल तर तिथं ऐकायला कुणीच नसतं. चूक नोंदवतानाच चूक, आणि तीही गायब. यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

शिरोलीची_भट्टी:
माझा अनुभव सांगतो, कारण मला हा विषय कायमचा लागून राहिलाय.

फाउंड्रीत काम करतो. भट्टीच्या थर्मोकपलचं (तापमान मोजायच्या तारेचं) रीडिंग सिरियल पोर्टवरून घेऊन मोठ्या स्क्रीनवर दाखवायची स्क्रिप्ट मीच लिहिली होती. पोर्ट कधीमधी अडकायचा, म्हणून वाचायच्या ओळीभोवती 'ट्राय', खाली नुसतं 'एक्सेप्ट' आणि 'पास'. रीडिंग आलं नाही तर स्क्रीनवर आधीचं राहू दे, असा विचार.

एका रात्रपाळीत केबल धगीनं वितळली. स्क्रीनवर १४४२ आला आणि तिथंच थांबला. चाळीस मिनिटं १४४२. भट्टीवरचे मामा वीस वर्षं तेच काम करतायत. ते काच लावून आत बघत म्हणाले, "पोरा, रंग फिका पडलाय, तुझा आकडा खोटा हाय." हाताची काठी सोडून ते स्क्रीनपाशी आले आणि बोटानं आकड्यावर टकटक केली, जणू काटा अडकलाय. मला आजही ती टकटक ऐकू येते. धातू थंड होत होता आणि माझी स्क्रिप्ट सगळं ठीक आहे असं सांगत होती. मामांनी ओतायचं थांबवलं म्हणून ती खेप वाचली.

प्रोग्राम बंद करायला गेलो तर कंट्रोल-सी पण चालेना. नुसतं 'एक्सेप्ट' लिहिलं की ते कीबोर्डइंटरप्टसुद्धा गिळतं, हे मला त्या रात्री कळलं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं असतं तर निदान तेवढं तरी टळलं असतं.

तांबडा_पांढरा:
मामांना दंडवत.

सेमीकोलन_सई:
भट्टीदादा, अंगावर काटा आला वाचून.

मी पीएचपीवाली. आमच्याकडं नवीन एक्सेप्शन बनवताना तिसरा आर्ग्युमेंट म्हणून जुनं द्यायचं असतं, मग 'गेटप्रीव्हियस'नं ते परत मिळतं. ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. पण ते आपोआप होत नाही, हातानं द्यावं लागतं. आमच्या टीममध्ये कोड तपासताना मी पहिल्यांदा तेच बघते: 'कॅच'मध्ये नवीन फेकलंय, पण जुनं दिलंय का? नसेल तर परत पाठवते. कोण कितीही घाईत असू दे.

जावास्क्रिप्टमध्ये हे फार उशिरा आलं. एररला 'कॉज' देता येतो ते २०२२ च्या प्रमाणित आवृत्तीपासून. रुबीत २.१ पासून आहे आणि तिथं पायथनसारखं आपोआप जोडलं जातं.

हुपरीकर:
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक बाजू राहतेय. सचिवांना ट्रेसबॅक दाखवू नका. चाळीस ओळी इंग्रजी बघितली की माणूस पीसीचं बटण दाबून मोकळा होतो. माझ्या चांदीच्या कारखानदार गिऱ्हाईकांकडं हे कितीदा झालंय. त्यामुळं मूळ चूक बदलून सोपी मराठी चूक दाखवायची ही दूधकट्टा यांची इच्छा बरोबरच होती.

माझ्या मते आतल्या भानगडीची साखळी बाहेर येऊच नये. 'रेझ बिलचूक फ्रॉम नन' लिहा, म्हणजे छापताना मागचं दिसत नाही. ३.३ पासून ती सोय त्यासाठीच दिलीय.

रंकाळ्याकाठी:
@हुपरीकर, सचिवांना सोपं मराठी दिसावं याला माझाही हात वर. पण त्यासाठी 'फ्रॉम नन' नको. बघणारे दोघं वेगळे आहेत, तर दोघांना वेगवेगळं द्या. खिडकीत "बिल निघालं नाही, नोंद क्रमांक अमुक" आणि फाईलमध्ये सगळी साखळी. 'फ्रॉम नन' केलं की लॉगमध्येसुद्धा मागचं उतरत नाही. मूळ एक्सेप्शन 'कॉन्टेक्स्ट'मध्ये शिल्लक असतं खरं, पण मुद्दाम शोधल्याशिवाय हाती लागत नाही.

'फ्रॉम नन' मी एकाच ठिकाणी वापरतो: आतली चूक हा माझ्याच कोडचा एक टप्पा असतो आणि तिच्यात नवीन माहिती काही नसते तिथं. उदाहरणार्थ डिक्शनरीत नाव सापडलं नाही म्हणून "असा दर नाही" असं सांगायचंय. फाईल, नेटवर्क, पोर्ट, डेटाबेस यांच्याकडून आलेल्या चुकीवर कधीच नाही.

हुपरीकर:
लॉगमध्येही उतरत नाही हे माझ्या लक्षात नव्हतं. तेवढं मागं घेतो. पण मग दुसरा धोका सांगतो, कारण तो खरा आहे. सगळी साखळी उतरवली की त्यात सभासदाचं नाव, बँक खातं, मोबाईल असलं काहीही येऊ शकतं. चुकीच्या संदेशात अख्खी ओळ चिकटवायची सवय असते आपल्याला. मग ती लॉगची फाईल व्हॉट्सॲपवर फिरते. संदेशात सभासद क्रमांक आणि ओळ क्रमांक एवढंच घाला.

सेमीकोलन_सई:
+१. हे फार महत्त्वाचं सांगितलंत, हुपरीकर.

नवखा_०७:
एक बाळबोध शंका. 'एक्सेप्ट ... ॲज ई' नंतर ब्लॉकच्या बाहेर 'ई' वापरला तर "असं नावच नाही" म्हणून नेमएरर येतो. वर तर तयार झाला होता ना तो?

रंकाळ्याकाठी:
शंका चांगली आहे. पायथन ३ ब्लॉक संपताच 'ई' मुद्दाम पुसतो. एक्सेप्शनला ट्रेसबॅक चिकटलेला असतो, ट्रेसबॅकला फंक्शनची फ्रेम आणि फ्रेममध्ये पुन्हा 'ई'. असं वर्तुळ राहिलं तर फंक्शनमधली सगळी व्हेरिएबल्स उगीच मेमरीत अडकतात. बाहेर हवा असेल तर ब्लॉकमध्येच दुसऱ्या नावात ठेव, आणि काम झालं की सोड.

नवखा_०७:
आणि नुसतं 'रेझ' लिहायचं की 'रेझ ई'?

जुना_पर्ल:
नुसतं 'रेझ'. पायथन ३ मध्ये 'रेझ ई' केलं तरी मूळ जागा टिकते, फक्त ट्रेसबॅकमध्ये एक ओळ वाढते. पण पायथन २ मध्ये 'रेझ ई' लिहिलं की ट्रेसबॅक तिथूनच सुरू व्हायचा आणि चूक खरी कुठं झाली ते पुसलं जायचं. आम्ही त्या काळातले, म्हणून सवय लागली ती लागलीच.

अवांतर: पर्लमध्ये याहून वाईट होतं. 'इव्हॅल'मधली चूक एका जागतिक व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते, डॉलर आणि त्यापुढं ॲटचं चिन्ह. 'इव्हॅल' संपताना एखादा ऑब्जेक्ट नष्ट झाला आणि त्याच्या डिस्ट्रॉयमध्ये दुसरा 'इव्हॅल' असला, तर तो ते व्हेरिएबल धुऊन टाकायचा. चूक झाली आणि तुम्हाला वाटायचं, झालीच नाही! ५.१४ मध्ये, २०११ साली ते दुरुस्त झालं. तोवर आम्ही चूक झाली का हे त्या व्हेरिएबलला न विचारता 'इव्हॅल'नं काय परत दिलं त्यावरून ठरवायचो. माझ्या जुन्या कोडमध्ये आजही तसंच आहे आणि मी ते काढणार नाही.

पन्हाळगडी:
बॅशमध्येही तीच गत. आधीच्या कमांडचा निकाल डॉलर-प्रश्नचिन्हात असतो, आणि "अरेरे, चुकलं" म्हणून मध्ये एक एको मारला की तिथं एकोचा निकाल येतो: शून्य, म्हणजे सगळं छान. कमांड संपली की पहिल्यांदा तो आकडा स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उचलायचा, बोलणं नंतर.

पाईपचंही ध्यानात ठेवा. डेटाबेसचा डंप (अख्खी नक्कल) फाईल दाबणाऱ्या जीझिपला पाईप केला, म्हणजे थेट जोडून दिला, तर निकाल शेवटच्याचा, म्हणजे जीझिपचा धरला जातो. डंप पहिल्याच पावलाला पडला तरी जीझिप खुश. एका ठिकाणी बॅकअपच्या ओळीनं एकवीस फाईली सापडल्या, प्रत्येक बरोबर २० बाइटची. रिकामं काही जीझिप केलं की एवढंच उरतं. 'पाईपफेल' (मधली कुठलीही कमांड पडली तरी निकाल चुकीचाच धरायची सोय) चालू केल्याशिवाय मी आता पाईप लिहीत नाही.

पंचगंगा_घाट:
विषय थोडा बाजूला जातोय, पण भट्टीदादांचा १४४२ वाचून राहवलं नाही.

पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपसाठी मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दाखवणारं छोटं पान चालवतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे दोन आकडे आमच्या भागातल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. माहिती मिळाली नाही तर आधीची पातळी दाखवायची असं मीही केलं होतं. एका रात्री माहिती येणं बंद झालं आणि पान तीन तास ३८ फूट ९ इंचावर. पाणी चढतच होतं. शेजारच्या काकूंनी पानाकडं बघून जनावरं हलवायचं सकाळवर टाकलं होतं. त्यांचा मुलगा स्वतः घाटावर जाऊन पाणी बघून आला म्हणून त्यांनी रात्रीच गोठा रिकामा केला.

आता माहिती आली नाही तर पातळीचा आकडा राखाडी होतो, खाली "ही पातळी रात्री १०:४० ची आहे, त्यानंतर माहिती आलेली नाही" असं येतं, आणि कारण लॉगमध्ये जातं. कारण काय हे लोकांना नको असतं. पण आकडा शिळा आहे हे त्यांना कळलंच पाहिजे.

शिरोलीची_भट्टी:
@पंचगंगा_घाट, हेच. अगदी हेच.

तांबडा_पांढरा:
दूधकट्टा भाऊ कुठं गेले? बिलाचं काय झालं?

दूधकट्टा:
सापडली! संस्थेतूनच लिहितोय. रंकाळ्याकाठी आणि पन्हाळगडी, तुमच्या पाया पडतो.

लॉग लावून सचिवांच्या पीसीवर चालवलं. 'बिलचूक'च्या वरच मूळ चूक दिसली: युनिकोडडिकोडएरर. 'चारमॅप' कोडेकला ०एक्स८डी हा बाइट वाचता येत नाही, पोझिशन १०२१. फॅटचा काही संबंधच नव्हता! पण दोन गोष्टी अजून कळत नाहीत. मी तर फक्त व्हॅल्यूएरर पकडला होता, मग हा त्यात कसा आला? आणि ओळ २०४ च का?

रंकाळ्याकाठी:
वा! युनिकोडडिकोडएरर हा व्हॅल्यूएररचाच पोटप्रकार आहे. तुम्ही जाळं फॅटच्या आकड्यासाठी टाकलं, पण 'ट्राय'मध्ये फाईल वाचणंही होतं, म्हणून हा त्यात अडकला आणि तुम्ही त्याला फॅटचं नाव दिलंत.

ओळीचं कोडं असं आहे. पायथन फाईल ओळीओळीनं डिकोड करत नाही, ८१९२ बाइटचा एकेक तुकडा करतो. तुमची ओळ साधारण ४० बाइटची असेल, तर पहिल्या तुकड्यात २०४ ओळी बसतात. पुढची ओळ द्यायला दुसरा तुकडा उचलला आणि तो अख्खा तुकडा डिकोड करतानाच पडला. पोझिशनही त्या तुकड्यातलीच आहे. १०२१ भागिले ४०, म्हणजे पंचविसेक ओळी पुढं जा. २३० च्या आसपास बघा. तिथं मराठी नाव असणार आणि त्यात जोडाक्षर.

दूधकट्टा:
२३१! "कृष्णात". सचिवांनी सतराच्या दुपारपासून सभासदांची नावं इंग्रजीतून मराठीत करायला घेतलीत. त्या फाईलमध्ये अशी चारच नावं होती. पण आधीच्या तीन नावांवर, सावंत, पाटील, मगदूम, का नाही अडलं?

जुना_पर्ल:
याचं उत्तर मी देतो, हाच माझा आवडता प्रांत. विंडोजनं त्या पीसीवर १२५२ हा पश्चिमी अक्षरांचा संच धरलाय ('चारमॅप' म्हणजे तोच). त्यात पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. यूटीएफ-८ मध्ये हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ह्रस्व उकाराचा ८१, 'झ'चा ९डी, 'ए'चा ८एफ. म्हणजे जोडाक्षर, पहिला उकार, झ किंवा ए आला की अडणार. सावंत, पाटील, मगदूममध्ये यातलं एकही नाही, म्हणून ती नावं कचरा होऊन गुपचूप आत गेली. नाव तुम्ही कुठं छापत नसाल, म्हणून दिसलं नाही. चौगुले असते तर तिथंच अडलं असतं.

उबुंटूवर मुळात यूटीएफ-८ च धरतात, म्हणून घरी चाललं.

दूधकट्टा:
हो, नाव बिलावर माझ्या यादीतून येतं, फाईलमधून नाही.

आता केलं ते असं. 'ओपन'ला एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं. 'ट्राय' आवळून फक्त फॅट आणि एसएनएफचा आकडा करायच्या दोन ओळींभोवती ठेवला, त्यात 'रेझ बिलचूक फ्रॉम ई'. संदेशात सभासद क्रमांक आणि ओळ, बाकी काही नाही. वर खिडकीत मराठी वाक्य आणि नोंद क्रमांक, सगळी साखळी लॉगला. सावंतांचं नाव कचरा होऊन गेलं हे मला चुकीपेक्षा जास्त लागलंय, म्हणून फाईलमधलं नाव आणि माझ्या यादीतलं नाव जुळतं का तेही आता बघतो.

वीसच्या वीस फाईली गेल्या. बिल निघालं. सचिव आत्ता बँकेची यादी छापतायत, प्रिंटरचा आवाज येतोय.

तांबडा_पांढरा:
नाद खुळा!

सेमीकोलन_सई:
मस्त! एक सुचवते. पायथन ३.११ किंवा पुढचं असेल तर 'ई.ॲड_नोट' आहे. चुकीचा प्रकार न बदलता तिला चिठ्ठी जोडता येते: "सतरा तारखेची संध्याकाळची फाईल, शेवटची वाचलेली ओळ २०४". मग नुसतं 'रेझ'. ट्रेसबॅकच्या खाली ती चिठ्ठी छापून येते. "ओळ २०४ नंतर" ऐवजी "शेवटची वाचलेली ओळ" लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी २०५ वर दोन दिवस घालवणार नाही.

दूधकट्टा:
संस्थेच्या पीसीवर ३.८ आहे, सई ताई. चढवतो, पण बिलाच्या दिवशी नको. एक तारखेला.

हुपरीकर:
एक तारखेला नको, दोनला करा. एकला महिन्याचं शेवटचं बिल काढायला बसाल.

दूधकट्टा:
खरं आहे. दोन तारखेला.